भाकरीच्या रंगाची खोली

साल एकोणीसशे सत्त्याण्णव. माझं वय त्रेपन्न. निदान मी तरी तेवढंच सांगायचो. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी होती, पण त्या शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलोच नाही, मग तिचं काय ऐकायचं! सुरतेत लिंबायतला आमचं घर, खाली एक खोली, वर एक. मी लूमच्या कारखान्यात संचे, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवायचो. गावाकडून आलो तेव्हा लोकांच्या ओट्यावर झोपलो होतो, आणि आता स्वतःच्या डोक्यावर स्वतःची दुसरी खोली होती! ही हकीगत त्या वरच्या खोलीची.

आमची एकुलती एक लेक नंदुरबारकडच्या एका गावात दिलेली. त्या उन्हाळ्यात ती पोटुशी होती, पहिलीच वेळ. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ते तसं झालं नाही तर लोक लेकीच्या नाही, बापाच्या तोंडाकडे बघतात. पण विहीणबाई मोठ्या खमक्या. त्यांनी निरोप धाडला, "सुरतेच्या त्या कोंदट खोल्यांत सुनेला पाठवायला माझा जीव धजत नाही. मी आधी येऊन खोली बघीन. पटली तर पाठवीन, नाहीतर इथेच करू." निरोप ऐकून बायको चुलीत फुंकर घालत बसली. मी मात्र पेटलो. माझी लेक, माझं घर, आणि परीक्षा घेणार त्या? घ्या म्हणावं! अशी खोली करतो की बघत राहतील.

कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या टपरीवरून लेकीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. लेक आली. मी म्हटलं, "खोलीला मोरपंखी रंग देतो. खिडकीला गुलाबी पडदे."

"आबा, नको!" ती ओरडलीच. "वरच्या खोलीचा तो पोपटी रंग नुसता आठवला तरी मला उलटी येते. हिरवा नको, गुलाबी नको, निळा नको. इथे सासूबाईंचं लाल लुगडंसुद्धा मी तोंड फिरवून बघते."

"मग बघवतं तरी काय तुला?"

ती म्हणाली, "भाकरी. ताटातल्या भाकरीकडे बघितलं की बरं वाटतं."

"झालं तर! भाकरीच्या रंगाची खोली करतो!" मी टपरीत इतक्या जोरात बोललो की मागे रांगेत उभे होते ते हसले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई पोरनी खोली शे का धरमशाळा? विहीण म्हणेल, रंगाला पैसे नव्हते."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. पेच तोच होता. रंग असा हवा की लेकीच्या पोटात ढवळू नये, आणि खोली अशी हवी की विहीणबाईंना ती ओकीबोकी वाटू नये. दुपारी जेवताना मी ताटातली भाकरी उचलून उजेडात धरली. बायको म्हणाली, "आता खा ती, नवरी बघितल्यासारखं काय बघताय." पण मला दिसलं होतं! भाकरी एका रंगाची असतेच कुठे? मधे पांढरट, कडेला पिवळसर, फुगते तिथे तांबूस, आणि टेकली असेल तिथे करपट ठिपका. सगळं एकाच पिठाचं, तरी नजर फिरत राहते. मला खोलीचा नकाशा मिळाला.

भिंतींपासून सुरुवात केली. पोपटी रंग खरवडला, चुना भिजवला, त्यात थोडी रामरज, म्हणजे ती पिवळी माती, कालवली. रंगारी बोलावला होता. गुजराती होता, मान हलवत म्हणाला, "काका, आमां रंग क्यां छे?" यात रंग कुठे आहे म्हणे! मी म्हटलं, "भाई, तू घरी जा." तो गेला. खिडकीसमोरच्या भिंतीवर ओल्या चुन्यातून मी जाड कुंचा वरून खाली ओढत नेला. रेघा उठल्या. सकाळचं ऊन आडवं आलं की प्रत्येक रेघेची बारीक सावली पडायची. रंग तोच, पण भिंत हलतेय असं वाटायचं. मी कामावरून आलो की चपला न काढता आधी ती भिंत बघायला वर जायचो.

मग कापड. इथे माझा हात धरणारा कोणी नव्हता. संच्यावरून उतरलेल्या, रंग न चढलेल्या कापडाला सुरतेत ग्रे म्हणतात. नाव काही असो, दिसायला ते दुधात पाणी घातल्यासारखं असतं. आमच्या कारखान्यात तेव्हा सुती माल निघत होता. ते ग्रे पुढे रंगाच्या मिलमध्ये जायचं आणि कुणाच्या तरी अंगावर लाल-पिवळं होऊन फिरायचं. बिनरंगाचं ते कुणी घरात लावत नसे. मी शेठकडे उरलेले तुकडे मागितले. शेठ म्हणाला, "ले जाओ, पर करोगे क्या?" मी म्हटलं, "बेडरूम." तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. आमच्या गल्लीत बेडरूम हा शब्द कुणी काढत नसे.

तुकडे मी वीण बघून निवडले. पडद्यांना मॅटी घेतली, दोन-दोन धाग्यांची जाडजूड, हाताला गोणपाटासारखी. उशांना साटीन, तिच्यावर उजेड घसरतो. आणि पलंगपोसाला डॉबी. तिच्यात त्याच सुताचे बारीक शंकरपाळे उठलेले असतात, समोरून दिसत नाहीत, बाजूने बघितले की दिसतात. तिन्हींचं सूत एक, रंग एक, पण तिन्हींवर उजेड तीन तऱ्हेने पडतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उभा जन्म संच्यापुढे उभं राहून डोळ्यात बसलं होतं, पण त्याचा असा उपयोग होईल हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत बायकोला हाक मारत सुटलो.

ती वर आली. उशी दाबली, पडदा चुरगाळला, पलंगपोसाकडे वाकून बघितलं. "शंकरपाळे!" म्हणाली, आणि तिथेच टेकली. मग तिलाही चेव चढला. तिने कोनाड्यात मातीचं मडकं ठेवलं, त्यात ज्वारीची सुकी कणसं खोचली. खालची घोंगडी आणून दाराशी अंथरली, काळसर तपकिरी. मी म्हटलं, "हा करपट ठिपका झाला!" ती म्हणाली, "माझी घोंगडी करपट?" त्यावरून आमचं भांडण झालं, पण घोंगडी तिथेच राहिली.

विहीणबाई सकाळच्या गाडीने आल्या. चहा घेतला नाही. "आधी खोली," म्हणाल्या. जिना चढून दारात थांबल्या. आत गेल्या, भिंतीच्या रेघांवरून बोट फिरवलं. पलंगावर बसल्या. पलंगपोसाला हात लावला, मान तिरकी केली, आणि त्यांना शंकरपाळे दिसले.

"अगं बाई! हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "कापडही माझ्याच संच्यावरचं."

"डोळ्याला थंड वाटतंय हो. देवळात आल्यासारखं." मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. जिंकलो! आणि तेवढ्यात विहीणबाईंनी नाक फेंदारलं. एकदा, दोनदा. उशी उचलून हुंगली.

"व्याहीबुवा, इथे मशीनचं तेल सांडलंय का?"

"तेल? छे!"

"तेल आणि आंबलेली कांजी. पडद्यालाही येतोय वास. तुम्हाला येत नाही?"

मी पडद्यात नाक खुपसलं. काही नाही. बायकोने उशी हुंगली. "माले ते काहीच वास येत नही." शेजारीण हाक मारून वर आणली, तिचा नवराही आमच्याच कारखान्यात. तिने मन लावून सगळं हुंगलं आणि म्हणाली, "कापडासारखा वास आहे. छान आहे." मग तिचा नवरा आला. तो म्हणाला, "कसला वास? कोरं कापड आहे." विहीणबाई आमच्या चौघांकडे बघत राहिल्या आणि एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अख्ख्या गल्लीचं नाक गेलंय की काय!"

मला राग आला. "विहीणबाई, याला वास म्हणत नाहीत. विणताना सुताला कांजी लागते, संच्याला तेल; कापडच असं असतं."

"असेल. पण तिकडे घरात फोडणी दिली तरी तुमची लेक अंगणात पळते. या खोलीत ती रात्रभर ओकत बसेल. रंग तिच्या मनासारखा केलात, माझी ना नाही. पण या वासात मी तिला पाठवणार नाही."

मी म्हणणार होतो, नका पाठवू. शब्द जिभेवर होता. बायकोने माझा सदरा मागून इतका जोरात ओढला की बटण तुटलं. ती म्हणाली, "विहीणबाई, संध्याकाळपर्यंत थांबाल?"

मग काय सांगू! गल्लीतल्या लग्नांचा मोठा हंडा आणला, तीन दगडांवर ठेवला, सोडा टाकला, पाणी उकळलं. मी पडदे, उशांचे अभ्रे, पलंगपोस सगळं त्यात बुडवलं आणि बांबूने ढवळू लागलो. एप्रिलचं ऊन, खाली जाळ, घामाने मी हंड्यातल्या कापडाएवढा भिजलो. शेजारी विचारत होते, "कुणाचं लग्न?" मी म्हणत होतो, "पडद्यांचं!" पाण्यावर तेलाचे डोळे आले, पाणी चहासारखं झालं. एवढं सगळं माझ्या उशीत होतं? तरी माझ्या नाकाला काही कळत नव्हतं. विहीणबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मी दर थोड्या वेळाने कोपरा वर काढून त्यांच्याकडे नेत होतो. "अजून," त्या म्हणायच्या. मी परत ढवळायचो. शेवटी त्यांनी हुंगलं, परत हुंगलं, आणि म्हणाल्या, "आता पिळा."

दोरीवर घातलं, उन्हाने बघता बघता वाळवलं. कांजी निघाली तसं कापड मऊ झालं होतं, साटीन तर सायीसारखी. पण मॅटी आटली! पडदे लावून बघितले तर खिडकीची खालची वीतभर जागा उघडीच. मला हे कळायला हवं होतं, पण आम्ही कापड विणून देतो, धुवून कधी बघतो? बायको म्हणाली, "परकर आखूड झाला." विहीणबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला वारा लागेल. सुई आहे का?"

मॅटीचा उरलेला तुकडाही उकळून वाळवला. मी तो आडवा कापला, म्हणजे धाग्याची दिशा उलटी. तो पडद्याला खाली जोडला तेव्हा तेवढी पट्टी जरा गडद दिसायला लागली, मुद्दाम काढलेल्या काठासारखी. एका पडद्याला बायको बसली, दुसऱ्याला विहीणबाई. दोघी वर पलंगावर मांडी घालून शिवत होत्या आणि माझ्याबद्दल बोलत होत्या.

"हट्टी आहेत का हो?"

"लग्नापासून."

"आमचेही तसेच. पण त्यांना शंकरपाळे येत नाहीत."

मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो आणि मिशीत हसत होतो.

पडदे लागले. दिवेलागणीला विहीणबाई उशीवर तोंड टेकून पालथ्या पडल्या. किती वेळ उठेनात. मला वाटलं झोपल्या. मग तोंड न उचलताच म्हणाल्या, "उद्या चला माझ्याबरोबर. घेऊन या तिला."

बायको खाली जाऊन रडली. मी वरच थांबलो, कारण मलाही तेच होत होतं.

परतीच्या गाडीत लेक माझ्या शेजारी बसणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी माझा प्रवासाचा सदरा विहीणबाईंपुढे धरला. त्यांनी नाकाला पदर लावला. मी हंडा परत जाळावर चढवला, सदरा सोड्याच्या पाण्यात उकळला, घट्ट पिळला, आणि तसाच ओला अंगात घालून त्यांच्या मागोमाग स्टेशनाच्या रिक्षात चढलो.