फिलूमावशीची अर्धी प्रार्थना

मी बांद्याच्या बाजारात मासे घेत होते, तेव्हा सुलभाकाकूचा फोन आला. एरवी ती आधी ‘जेवलंस काय?’ विचारते. त्या दिवशी एकदम म्हणाली, “गो, आपली फिलू गेली.” ‘तुझी मावशी’ नाही, ‘आपली फिलू’. रडू ओसरल्यावर त्या ‘आपली’चं मला हसूच येत राहिलं. कारण एके काळी या दोघी एकमेकींचं नावसुद्धा घेत नसत.

फिलोमिना ही माझ्या आईची धाकटी बहीण. मालवणजवळ आमच्या ख्रिस्ती वाडीच्या टोकाला तिचं घर आणि दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे हिंदूंच्या वाडीत सुलभाकाकूचं. नवरा लवकर गेलेला, मुलगा मस्कतला, त्यामुळे मावशीचा सगळा जीव कोंबड्यांवर आणि देवावर, बहुतेक याच क्रमाने. चर्चमध्ये गाणं तीच आधी उचलायची, तेही भलत्याच पट्टीत, आणि पेटीवाला निमूट तिच्यामागे जायचा. देवाशी ती गडग्यावरून बोलावं तशी बोलायची. “सायबा, आज जरा ऊन दी, माझी कोकमाची सोलां सुकूची आसत!”

तिच्या कोंबड्यांनी एकदा सुलभाकाकूच्या तांबड्या भाजीचा वाफा उकरला. काकूने दगड भिरकावला, नाताळासाठी राखलेला कोंबडा लंगडा झाला आणि तोंडं सुटली. काकूला मूलबाळ नव्हतं. मावशी रागाच्या भरात त्यावरून नको ते बोलून गेली. काकू घरात शिरली आणि तिने दार लावून घेतलं. ते बंद दार पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. मावशी वरवर म्हणायची, “देवार प्रेम करूक काय जाता? तो काय कोंबड्यांक दगड मारता?” पण काकूच्या घरावरून जाताना तिची चाल मंदावायची, ते मी पाहिलं आहे.

मग एका मे महिन्यात मी सुट्टीला गेले होते. संध्याकाळी वाडीतल्या खुरसाजवळ, म्हणजे दगडी क्रुसाजवळ, सगळे जमले होते. मेणबत्त्या लावल्या होत्या, प्रार्थनेनंतर वाटायचे उकडलेले चणे टोपात वाफाळत होते. प्रार्थना मावशी सांगत होती, आम्ही मागून म्हणत होतो. आमच्या अपराधांची क्षमा कर, असं म्हणायची ओळ आली आणि मावशी थांबली. आम्हाला वाटलं, विसरली... तिने मेणबत्ती खुरसाच्या पायरीवर ठेवली.

“रवा जरा,” ती म्हणाली. “क्षमा मी हंय मागतंय, आणि जिची मागूची ती थंय बसलीहा.”

आणि ती चालायला लागली. मी माझी मेणबत्ती घेऊन मागोमाग धावले. सुलभाकाकू चुलीपुढे भाकऱ्या भाजत होती. मावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पट्टी चुकली तरी न डगमगणारा तिचा आवाज आता कापत होता.

“सुलभा, त्या दिवशी मी तुका जा बोललंय, ता कोणी कोणाक बोलूचा न्हय. माका माफ कर.”

काकूने वर पाहिलंच नाही. भाकरी उलटली. मला वाटलं, आता हाकलणार.

“माका खूप लागला ता,” ती शेवटी म्हणाली.

“जाणतंय मी.”

“नाय जाणनस तू.” काकूने पदराने डोळे पुसले. “...भितर ये. भाकरी तव्यार आसा, करपतली.”

दोघींबरोबर मी परत आले तेव्हा मेणबत्त्या निम्म्या झाल्या होत्या आणि पोरांनी चणे संपवत आणले होते. मावशीने थांबलेल्या ओळीपासून प्रार्थना पुन्हा उचलली. काकू तिच्या शेजारी हात जोडून उभी होती.

त्यानंतर चतुर्थीचे मोदक इकडे आणि नाताळच्या करंजीसारख्या नेवऱ्या तिकडे, असं सुरू झालं. शेवटच्या आजारपणात मावशीला पेज काकूच भरवायची. मावशीची बोटं थरथरायची, म्हणून तिची जपमाळही काकूच धरायची. मावशी पुटपुटेल तसा एकेक मणी पुढे. प्रार्थना येत नव्हती काकूला. मी विचारलं तर म्हणाली, “ती बोलता, मी मोजतंय. देवाक दोघींचाय पोचता.”

परवा मावशीला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे तिच्यासाठीची उपासना, झाली. मिस्सेत एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो. बाकीचे शेजारच्याला हात जोडून मोकळे होतात. मावशी मात्र बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाचा हात हातात घ्यायची आणि फादर वेदीपाशी ताटकळत उभे राहायचे. परवा तो क्षण आला, सगळ्यांनी हात जोडले, आणि पहिल्या बाकावरून सुलभाकाकू उठली. पदर खोचून ती एकेका बाकाशी जाऊ लागली. म्हाताऱ्यांचे हात, पोरांचे हात, पेटीवाल्याचासुद्धा. माझ्यापाशी आली तेव्हा तिच्या तळव्यांना खोबरेल तेलाचा वास होता.

फादर हसत थांबले होते. त्यांना सवय होती.