जगनचा कान आणि शेठची बोंडं

रोडपालीच्या जगनला आयुष्यात फार थोडे आवाज पसंत पडले. बावीस वर्षं तो लग्नाच्या हळदीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रात आवाजाच्या मिक्सरवर बसत होता आणि तेवढ्या वर्षांत त्यानं गायकांना बेसूर, ढोलकीवाल्यांना हाताचे जड आणि वऱ्हाडी मंडळींना ठार बहिरं ठरवून टाकलं होतं. बायको भामा म्हणायची, "तुमाला कोकिळापण शिटी मारल्यासारखी वाटंल." तो म्हणायचा, "मारतेच."

दिवाळीनंतर ऑर्केस्ट्राचा मालक कमळाकरशेठ इन-इअर मॉनिटरची तीन खोकी घेऊन तालमीच्या हॉलमध्ये आला. गायकांनी स्टेजवरच्या पेटाऱ्याएवढ्या स्पीकरकडे कान लावायचा नाही, आपला आवाज थेट कानातच ऐकायचा, अशी ती सोय.

"जगन, आधी तू घाल आनी सांग कसं हाय."

जगननं खोकं उघडलं. आत वाटाण्याएवढी दोन काळी बोंडं, कानामागून वळवायची वायर आणि लहान-मोठ्या रबरी टोप्या. लहान टोपी लावली तर बोंड गळून पडलं, मोठी लावली तर कान ठणकला. मधली बसली, पण ती बसल्याबरोबर बाहेरचं सगळं बंद झालं आणि स्वतःचा गिळलेला आवंढाच डोक्यात घुमला.

गायिका कादंबरीनं दोन ओळी म्हटल्या. जगननं तोंड वाकडं केलं.

"डब्यात कोंबडी कोंबल्यासारखं वाटतंय. ढोलकी छातीत लागायला पायजे, ती इथं टाळूला लागतेय. आनी डावं बोंड तर मुडदा हाय. धड आवाजच नाय."

त्यानं बोंडांची अदलाबदल केली, उजवं डाव्या कानात घातलं. "हे पन मेलेलं. शेठ, भंगार गळ्यात मारलंय तुमच्या."

दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येक खोक्यात एक बोंड मेलेलंच निघालं, आणि दर वेळी ते डाव्या कानातलंच.

कादंबरी बघत होती. आवाज चिरका येतो, टोचतो, हे ती दोन वर्षं सांगत होती. आणि गाणारीनं गावं, ऐकायचं काम आपलं, हे जगन तिला दोन वर्षं सुनावत होता. आता ती हळूच म्हणाली, "जगनदादा, बोंड कुठलंही घातलं तरी डावीकडेच कमी कसं येतं?"

चपलेला लागलेल्या शेणाकडे बघावं तसं जगननं तिच्याकडे बघितलं. "माझा डावा कान अरुंद हाय. या टोप्यांना मापच कळत नाय."

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी तो पनवेलला कान तपासणाऱ्या आसियामॅडमच्या दवाखान्यात गेला. कानाचा साचा घेऊन त्या मापाची टोपी तिथं करून मिळायची.

"माप घेते," मॅडम म्हणाल्या, "पण आधी तपासणी."

काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बालवाडीचा खेळ, असं म्हणत जगन बसला. उजवा कान झाला. मग डाव्याची पाळी आली, आणि दोन-चार जाड सुरांनंतर आवाज थांबलाच. जगन बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. शेवटी त्यानं काच वाजवली.

"मॅडम, लाईट गेली काय?"

"नाही. मघापासून वाजतंय."

मॅडमनी कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली. "उजवा ठीक आहे. डाव्यानं वरचे, बारीक सूर जवळजवळ येत नाहीत. काम करताना स्पीकर कोणत्या बाजूला असतात?"

जगननं डावा हात दाखवला. प्रत्येक मांडवात तो स्पीकरची भिंत डाव्या हाताला ठेवूनच बसायचा.

"परत येईल?"

"नाही. आहे तेवढं सांभाळा. अल्लानं दोन दिले, म्हणून एक उधळायचा नसतो."

बारीक सूर आपल्याला येत नाहीत म्हणून आपण ते मिक्सरवर वर्षानुवर्षं वाढवत आलो, हे त्याला रिक्षात उमगलं. ज्यांना ज्यांना बहिरं म्हटलं होतं ती माणसं आठवायला लागली. कळंबोलीचा पूल आला तरी ती संपेनात. त्याला स्वतःचीच किळस आली.

शिरढोणच्या हळदीला त्यानं दुपारीच मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या बाजूला, स्पीकरच्या भिंतीपासून लांब हलवला. नव्या मापाच्या टोप्या कानात घट्ट बसल्या होत्या, पण साउंड चेक सुरू करताना त्यानं त्या काढून ठेवल्या.

"कादंबरी, इकडं ये. टोचलं की हात वर कर."

त्यानं एक गाणं लावलं. तिनं लगेच हात वर केला. त्यानं बटण फिरवलं. "अजून, दादा." पुन्हा फिरवलं. हात खाली आला तोवर जगनला गाणं अळणी भातासारखं लागत होतं.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

"बरा आजारी मानूस होतो. नीट सांग."

"गोड."

"गोड म्हने!" जगन फिस्कारला. पण त्या बटणाला त्यानं पुन्हा हात लावला नाही.

संध्याकाळी हळद लागली. एरवी दुसऱ्या गाण्याला कानावर पदर घेऊन मागं सरकणाऱ्या म्हाताऱ्या पुढच्याच खुर्च्यांवर बसून राहिल्या. कमळाकरशेठ खुशीत आला.

"बग! सांगत होतो ना? नव्या बोंडांची करामत!"

गायकाच्या कानातलं बोंड वऱ्हाडाला ऐकू येत नाही, एवढंही या माणसाला मालक होऊन कळलं नव्हतं. उत्तर जगनच्या जिभेवर आलं होतं.

"हां शेठ," तो म्हणाला, "भारी बोंडं आनलीत."

कादंबरी मान खाली घालून हसली.

"हसू नको. दुसऱ्या कडव्यात सुरातनं खाली गेलीस."

"गेले होते. ऐकू आलं तुम्हाला?"

"उजव्यानं," जगन म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.