तो पीत नव्हता

घटस्फोट झाला आणि मी रोह्याहून गडबला, माहेरी आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी अंगणातूनच विचारलं, "काय झालं गो पोरीचं?" आईनं पदर डोळ्यांना लावला. "पितो गो तो. रोजचाच हाय." काकू म्हणाल्या, "मंग बरं केलंत." संपलं! आमच्याकडे नवरा पितो म्हटलं की पुरावा कुणी मागत नाही. मीही गप्प बसले. सोयीचंच होतं ना मला!

तो पीत नव्हता. गटारीला मित्र बसले की हा नुसता चखणा खाऊन घरी यायचा. कंपनीत कंत्राटावर होता. लग्न ठरवताना मात्र त्याच्याकडच्यांनी 'पर्मनंट' सांगितलं होतं. वर्षभरात कंत्राट संपलं आणि रोह्याजवळच्या वरसेतल्या आमच्या दोन खोल्यांचा खर्च माझ्या एकटीच्या पगारावर आला. मी पेणला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी तोच माझा डबा भरायचा, स्टँडवर सोडायला यायचा. आळीतले लोक हसायचे. तो मनावर घ्यायचा नाही.

पण पगारातला निम्मा मी गडबला द्यायचे. धाकट्या भावाचं कॉलेज त्यावर चाललं होतं. सासूबाई ऐकवायच्या, "चारा आम्ही घालायचा नि दूध माहेरी!" इकडे आई फोनवर रडायची, "तू हात आखडलास तर पोराचं शिक्षण बुडालं." मला कुणालाच नाही म्हणता येईना. शेवटी त्यानंच विचारलं, "कुठलं तरी एक घर धर ना." मी माहेर धरलं. आमचं धड भांडणसुद्धा झालं नाही.

गेल्या महिन्यात लॅबमधली रोह्याची मैत्रीण म्हणाली, खांब गावच्या मुलीशी त्याचं जमत आलेलं लग्न मोडलं. पोरगा पितो, असं मुलीकडच्यांना गडबमधून कळलं म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणाली, "त्याचं तो बघंल. रविवारी तुला बघायला माणसं येतायत."

रविवारी पेणहून पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं हळूच विषय काढला, "पहिलं का मोडलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "पीत होता हो. लय सोसलं पोरीनं."

त्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती माया काही मला सोसवेना. फुकटची होती.

"पीत नव्हता तो," मी म्हणाले. "एक थेंबसुद्धा नाही. माझा पगार कुठल्या घरात जायचा, त्यावरून मोडलं."

आईनं कपाळाला हात लावला. मामा पंख्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता उठतात हे. उठले असते तर बरं झालं असतं.

पण बाई उलट नीट सावरून बसली. "खरं बोललीस, बरं वाटलं," म्हणाली. आणि मग माझ्याकडे नाही, बाबांकडे वळून विचारलं, "मंग पगार किती हाय तिला?"

बाबांनी आकडा सांगितला. तोही वाढवून.