तिच्यासाठी राखलेली बॅटरी

आमच्या डोंबिवलीच्या घरात बाबांचा काचेच्या व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे. कमरेएवढा उंच, लाकडी, तीन-चार बँडचा, आणि चालणार फक्त बॅटरीवर. कोकणात गावी वीज नव्हती तेव्हा घेतलेला. त्याची जडशीळ बॅटरी बाबा तालुक्याहून सायकलवर बांधून आणायचे आणि आई ती पुरवून पुरवून वापरायची. बातम्या संपल्या की रेडिओ बंद, वर मागच्या तारासुद्धा काढून ठेवायच्या. इकडे आल्यावर तसल्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या आणि रेडिओवर फुलदाणी आली.

मग आईला विसर पडायला लागला. बाबांना ती पाहुणे समजायची, त्यांना चहा विचारायची. संध्याकाळ झाली की मला म्हणायची, हे बॅटरी घेऊन अजून कसे आले नाहीत? बाबा समोरच बसलेले असायचे. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते, तशी बाबांवरच चिडायचे.

बाबांनी मात्र मनावर घेतलं. रेडिओ लागला की ती आपल्याला ओळखेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. इकडे आल्यापासूनचा सगळा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला, पण आता हात कापायचे. मी म्हटलं, मेकॅनिक बघू. ऐकतील तर ना! कल्याणहून नऊ व्होल्टच्या छोट्या बॅटऱ्या आणून त्यांनी एकीला एक जोडून मोठी बॅटरी केली. व्हॉल्व्हमधल्या नाजूक तारा तापवायला एक साधा सेल वेगळा ठेवला.

एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर बाबा दारातच उभे. रेडिओ लागला होता म्हणे, कुणी बाई बोलत होती, अगदी स्वच्छ. मी धावत आत गेले तर सगळं बंद. आई झोपली होती, म्हणून बॅटरी तिच्यासाठी राखायला त्यांनी तारा काढून ठेवल्या होत्या. तिला उठवायचं नाही का, म्हणून मी वैतागले.

आई उठल्यावर मी तिची वेणी घातली, खुर्चीत बसवलं. बाबा घाईघाईने तारा जोडायला वाकले, आणि सेलच्या जागी मोठ्या बॅटरीच्या तारा लावून बसले. काचांच्या आत लख्ख उजेड झाला आणि विझला. सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जळाले.

बाबा खाली बसले ते उठेचनात. आईला त्यांची कीव आली असावी.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती त्यांना म्हणाली. "आमचे हे येतील आता बॅटरी घेऊन."

दुसरे व्हॉल्व्ह शोधण्यात पावसाळा गेला. ते मिळाले तेव्हा आई नव्हती. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी बाबांना विचारलं, बसवून घेऊ या का?

"नको," ते म्हणाले. "तिला झोपू दिलं आणि मी एकट्यानेच ऐकलं. आता पुन्हा एकट्याने नाही ऐकवणार मला."