जास्तीचं झाकण

फिशटँकमधली झाडं वाढेनात, म्हणून मी खताचं एक झाकण जास्तच ओतत गेलो. झाडं होती तेवढीच राहिली, काचेवर मात्र शेवाळ चढलं. झाडाला न लागलेलं खत शेवाळाला लागतं. आज ते खरवडत होतो, तर लेक म्हणाली, “बाबा, झाडांना भूक नव्हती हो. घाई तुम्हालाच होती.”

ती हसली, पण माझी मान वर होईना. शाळेनंतरचे दोन्ही क्लास मीच लावलेत तिला. परवा तिसऱ्याचीही चौकशी करून आलो. ती अबोल होत चालली आहे, हे मला दिसत होतं. खरं सांगतो, दिसत होतं.

तिनं दप्तर उचललं. ‘आज क्लासला नको जाऊस’ म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, “डबा घेतलास ना?”