पोट कसं, घाई किती?

औषधांच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं कात्री चालवली की कोणालाही आपण डॉक्टर झालो असं वाटायला लागतं. आमच्या या गृहस्थांना दुसऱ्याच वर्षी वाटलं. गिऱ्हाइकं त्यांना 'डॉक्टर' म्हणत आणि ती चूक दुरुस्त करायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

अंगदुखी, सांधेदुखी घेऊन कोणी आलं की त्यांची तपासणी दोन प्रश्नांत आटपायची. "पोट कसं आहे? आणि घाई किती आहे?" पोट दणकट आणि घाई फार, तर डायक्लोफेनॅक. "चहा पिऊन होईपर्यंत पळायला लागाल!" घाई नसली तर नॅप्रोक्सेन. "उशिरा येते, पण आली की पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते." आणि पोट नाजूक असलं की आवाज खाली आणून एटोरिकॉक्सिब. "ही गोळी निवडक हो. सुजेला धरते, पोटाच्या वाटेला फारशी जात नाही." मग पट्टीतून चार गोळ्या कापायच्या. चिठ्ठी मागणं त्यांना कमीपणाचं वाटे. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो असा.

थोरल्या बहिणीचे गुडघे धरले तेव्हा तर विचारायलाच नको. "ताई, तुझं पोट नाजूक. ही घे, रोज एक." ताईनं डोळे मिटून घेतली. चौथ्या दिवशी ती जिना चढली आणि महिनाभर दुकानात येईल त्याला तो जिना ऐकावा लागला.

सहाव्या आठवड्यात ताईची पावलं सुजली, बसल्या जागी दम लागू लागला. तिला घेऊन हे दवाखान्यात धावले. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा बांधला.

"बीपी कधीपासून आहे?"

"झाली की दहा वर्षं," ताई म्हणाली.

बीपीच्या गोळ्या दर महिन्याला तिच्या पिशवीत कोण घालत होतं? हेच. पण गुडघ्याच्या वेळी त्यांनी तिसरा प्रश्न विचारलाच नाही, कारण त्यांच्याकडे प्रश्नच दोन होते.

"ही गोळी पोट सांभाळते, पण बीपी चढवते. हृदयावर बेतलं असतं. कोणी दिली?"

ताईनं धापा टाकत, पण ऐटीत भावाकडे बोट केलं. "यानं. डॉक्टरच आहे हा."

"नाही हो," ते कसेबसे म्हणाले, "मी दुकानात असतो."

ताईचं बोट तसंच त्यांच्याकडे रोखलेलं राहिलं.