सरांची पेटी आणि माझा ठोसा

पहिला ठोसा मी मारला. नाशिक रोडला काही लोक अजून ते श्रेय मालेगावच्या प्राध्यापकाला देतात, आणि माझ्या हक्काचं दुसऱ्याला दिलेलं मला खपत नाही.

प्रसंग आमच्या सरांच्या शोकसभेचा. माणसं बोलून माणसांना कशी वळवत आली, याच्या इतिहासामागे सर जन्मभर लागले होते. दरबारातले वाद, कीर्तनातली आख्यानं, निवडणुकीच्या सभा, सगळं त्यात होतं. ग्रंथ अपुरा राहिला. मागे उरली टिपणांची लोखंडी पेटी. ती कुणाला द्यायची, हे सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, अजून ठरवलं नव्हतं.

मी भाषणात ते ठरवून टाकलं. सर्वांत जुना विद्यार्थी म्हणून ग्रंथ मीच पुरा करणार, असं जाहीर केलं. योग्य जागी आवाज कापरा केला; पहिल्या रांगेत दोघींनी डोळे पुसले. मग मालेगावचा उठला. यंत्रमाग कामगाराचा मुलगा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, काटकुळा. माइकसमोर शांतपणे म्हणाला, "सरांनी हे काम मला सोपवलंय."

मी माइक ओढला. त्याने सोडला नाही. माइक त्याच्या दातांवर आपटला, आणि तो आवाज स्पीकरमधून सभागृहभर घुमला.

"म्हाताऱ्या, हात काढ."

"चोरा, तू आधी पेटीवरचा काढ."

इथे माझा ठोसा. त्याचा ओठ फाटला. त्याने मला कॉलरला धरून सरांच्या फोटोवर आपटलं. काच फुटली, कोपरातून रक्ताची धार लागली. मी खुर्ची फेकली, ती अध्यक्षांच्या गुडघ्यावर बसली. "हे शोभत नाही," म्हणत अध्यक्षांनी मला लाथ घातली. मस्त बसली.

"झालं? बसा दोघं," काकू म्हणाल्या. "आता पूर्वपक्ष."

आम्ही मुकाट बसलो. सरांच्या वर्गातला नियमच होता तो. समोरच्याला खोडायचं तर आधी त्याची बाजू मांडायची, आणि त्याने स्वतः मान डोलावली तरच पुढे बोलायचं.

तो ओठावर रुमाल दाबून बोलला. "हा वीस वर्षं सरांशी भांडत आला. दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. सरांना मूल नव्हतं, आणि याला वाटतं, मुलगा आपणच. पेटी गेली तर याच्याजवळ सरांचं काहीच उरत नाही."

मला मान डोलवावी लागली.

माझी पाळी आली. "याला पेटी हवी आहे," मी म्हणालो.

"का?" काकूंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"सरांची नजर गेल्यावर हा दर रविवारी एसटीने यायचा. ते सांगायचे, हा लिहायचा," काकू म्हणाल्या. "पेटीतलं अर्धं अक्षर याचं आहे. तू आलास की तूच बोलायचास रे."

पेटी त्याला मिळाली. रिक्षापर्यंत एक कडी मी धरली, आणि त्याच रिक्षातून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर आत त्याच्या ओठाला टाके घालत होते, तेव्हा पेटी बाहेर बाकावर माझ्या मांडीला लागून होती. रिक्षाही दारात उभी होती. मी हललो नाही. खरं सांगायचं तर, कोपर फार दुखत होतं.